कार्ब्युरेटरला दाब सोसत नाही

अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींमध्ये एक उफराटा प्रकार चांगलाच रुजला आहे. 1970 च्या आसपासचा शेव्हरोलेचा सी-10 पिकअप ट्रक घ्यायचा. त्यातलं दमलेलं इंजिन उतरवायचं. 1999 ते 2007 दरम्यानच्या एखाद्या मोडीत निघालेल्या ट्रकचं 5.3 लिटरचं व्ही-8 इंजिन भंगारातून आणायचं. आणि ते बसवताना कंपनीनं दिलेली फ्युएल इंजेक्शनची यंत्रणा काढून टाकून वर कार्ब्युरेटर चढवायचा. एलएस या नावानं ओळखलं जाणारं हे इंजिनांचं घराणं 1997 साली कॉर्व्हेटमध्ये पहिल्यांदा आलं आणि त्याच्या आयुष्यातली सगळी वर्षं इंजेक्शनवर गेली. त्याला आता आजोबांच्या जमान्याचं खाद्य भरवायचं.

हे करण्यामागे कारणं आहेत. इंजेक्शनचं इंजिन म्हटलं की त्याच्याबरोबर संगणक, सेन्सर आणि वायरिंगचा जुडगा आला. त्या गुंत्यात हात घालायची तयारी नसलेला माणूस म्हणतो, मला बॉनेट उघडल्यावर जे दिसतं ते कळलं पाहिजे. या इंजिनाला डिस्ट्रिब्युटर नसतो, दर सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असते. त्यामुळे ठिणगी सांभाळायला इलेक्ट्रॉनिक डबा एक लागतोच. पण पेट्रोलचा कारभार पूर्ण यांत्रिक होतो. त्यात कमीपणा मानण्यासारखं काही नाही. नॅसकारच्या सर्वोच्च शर्यतीतल्या गाड्या 2011 च्या हंगामापर्यंत कार्ब्युरेटरवरच धावत होत्या.

इंजिन बसवणं, माउंट जुळवणं, गिअरबॉक्स जोडणं याची चर्चा पुष्कळ होते. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे पाइप मात्र शेवटच्या रविवारी, मिळेल त्या सामानात उरकले जातात. गाडी नंतर रस्त्यात झटके खाते, चढावर मरते किंवा पेट घेते, ती बहुतेक वेळा या रविवारच्या कामामुळे.

पाइपांच्या दृष्टीनं दोन पद्धतींतला फरक एका आकड्यात सांगता येतो. या इंजिनाच्या इंजेक्टरना पेट्रोल लागतं सुमारे 58 पीएसआय दाबानं. तेच इंजिन कार्ब्युरेटरवर 5 ते 7 पीएसआयमध्ये सुखानं चालतं. मोटारीच्या टायरमध्ये आपण 30 भरतो, त्याच्या पाव भागाहूनही हे कमी. कारण कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल ढकललं जात नाही, ओढलं जातं. आत शिरणारी हवा व्हेंच्युरीच्या अरुंद गळ्यातून वेगानं जाते, तिथे तिचा दाब उतरतो, आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब फ्लोट बाउलमधलं पेट्रोल जेटमधून वर चढवतो. किती चढेल हे बाउलमधल्या पातळीवर अवलंबून असतं. पातळी वर गेली की मिश्रण दाट, खाली आली की पातळ. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉल कॉक असतो, रचना तंतोतंत तीच: पातळी वाढली की फ्लोट वर येतो आणि निडल आपल्या भोकावर बसून पेट्रोल अडवते. पंप, पाइप, रेग्युलेटर, फिटिंग या सगळ्या खटाटोपाचा हेतू एवढाच, की त्या फ्लोटला आपलं काम निवांत करता यावं.

हिशेब करून पाहू. होलीचा 4150 हा 1957 पासून चालत आलेला, चार बॅरलचा, अशा कामात सर्रास वापरला जाणारा कार्ब्युरेटर. त्याच्या निडलचं भोक साधारण 0.110 इंच, म्हणजे 2.8 मिलिमीटर व्यासाचं धरा. 6 पीएसआय दाबाला त्या भोकातून निडलला ढकलणारा जोर येतो जेमतेम 26 ग्रॅम वजनाएवढा. फ्लोट तरफेच्या मदतीनं तो सहज पेलतो. आता कोणी ट्रकचा मूळचा, टाकीत बसणारा इंजेक्शनचा पंप तसाच ठेवला आणि त्याचे 58 पीएसआय सरळ कार्ब्युरेटरला जोडले, तर तोच जोर 250 ग्रॅमवर जातो. फ्लोटच्या अंगात एवढं बळ नाही. निडल उघडीच राहते, बाउल भरून वाहतो आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनावर उतरतं. असे प्रयोग झालेले आहेत आणि त्यातले काही अग्निशमन दलापर्यंत पोहोचलेले आहेत.

दाब कमी हवा, पण पुरवठा कमी चालत नाही, आणि गल्लत इथेच होते. 350 अश्वशक्ती काढणारं इंजिन पूर्ण जोर लावताना दर अश्वशक्तीला तासाला सुमारे अर्धा पौंड पेट्रोल खातं. म्हणजे तासाला 80 किलोच्या घरात, लिटरमध्ये 107. सेकंदाला तीस मिलिलिटर झालं. बाउलमधला साठा या हिशेबानं काही क्षणांचाच सोबती. पंपाच्या खोक्यावर छापलेला तासाचा आकडा बहुधा शून्य दाबाला, उघड्या तोंडानं मोजलेला असतो. पाइप, फिल्टर आणि वळणं यांतून गेल्यावर त्यातलं किती उरतं हे खोकं सांगत नाही. म्हणून अशा इंजिनाला 3/8 इंची मुख्य लाइन घालतात. 5/16 ची जुनी लाइन शहरातल्या वापराला पुरेल, पण दाबून चालवताना ती हात आखडता घेते.

जुन्या शेव्हरोले व्ही-8 ला पंपाची चिंता नव्हती. इंजिनाच्या पुढच्या अंगाला यांत्रिक पंप असायचा आणि कॅमशाफ्टवरून त्याला चाल मिळायची. हा पंप दिसायला ओबडधोबड, पण युक्तीनं भरलेला. कॅम फक्त पडदा मागे ओढतो. पेट्रोल पुढे ढकलण्याचं काम स्प्रिंगचं. त्यामुळे इंजिन कितीही फिरो, दाब त्या स्प्रिंगच्या ताकदीपलीकडे जाऊच शकत नाही. बाउल भरला की पडदा मागेच थांबतो. इंजिन बंद पडलं की पंपही बंद. रेग्युलेटर, रिले, सुरक्षा स्विच यांचं काम त्यात आपोआप होऊन जातं. एलएस इंजिनाच्या मूळ ब्लॉकवर या पंपाला जागाच ठेवलेली नाही, कारण त्याची गरज पडेल असं कोणाच्या मनातही नव्हतं. मग विजेवरचा पंप आला, आणि यांत्रिक पंप फुकटात करत होता ती एकेक गोष्ट विकत आणून जोडणं आलं.

विजेचा पंप ढकलण्यात तरबेज, ओढण्यात कच्चा. तो इंजिनाजवळ नको, टाकीजवळ हवा, आणि शक्यतो टाकीच्या बुडाच्या पातळीला. पंपाच्या आधी जाळी लावायची ती जाड, साधारण 100 मायक्रॉनची; बारीक फिल्टर पंपाच्या पुढे, कार्ब्युरेटरच्या बाजूला. बारीक फिल्टर आधी लावला तर पंपाला ओढ पडते, ओढ पडली की दाब उतरतो, दाब उतरला की पेट्रोल उकळतं. पंपाची वायर इग्निशनवरून सरळ द्यायची नाही. रिले लावायचा आणि मध्ये ऑइल प्रेशरचा स्विच घालायचा, म्हणजे इंजिन थांबलं की पंप थांबेल. गाडी उलटली, पाइप तुटला, चालक बेशुद्ध आहे आणि पंप मात्र इमानदारीनं सेकंदाला तीस मिलिलिटर ओततो आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणलं की या दोन-तीनशे रुपयांच्या स्विचवर कोणी कंजुषी करणार नाही.

सी-10 ची एक गंमत इथे सांगायला हवी. 1967 ते 1972 च्या या ट्रकांत पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे असायची. माणसं पेट्रोलला पाठ टेकून प्रवास करत. इंजिन बदलताना बहुतेक जण ही टाकी काढून मागे, हौद्याखाली नेतात, आणि ते शहाणपणाचंच आहे. पण त्यामुळे लाइनची लांबी चार मीटरच्या आसपास जाते. गाडी जोरात पुढे झेपावली की पाइपातलं पेट्रोल मागे रेटलं जातं. गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या त्वरणाला चार मीटरच्या लाइनमध्ये सुमारे 2 पीएसआय एवढ्यातच गडप होतात. पूर्ण एक जी ला 4 हून अधिक. सहा पीएसआय देणाऱ्या पंपाची सगळी कमाई अशी ऐन मोक्याला खर्ची पडते. ड्रॅग शर्यतीवाले म्हणूनच पंप 14-15 पीएसआयचा लावतात आणि रेग्युलेटर अगदी पुढे, कार्ब्युरेटरच्या तोंडाशी बसवून दाब तिथे उतरवतात. दाबाचा काटा पण तिथेच. हा काटा 0 ते 15 चा घ्यावा. शंभरपर्यंतच्या काट्यावर सहा आणि आठ यांतला फरक दिसत नाही. ग्लिसरीन भरलेले देखणे काटे इंजिनाच्या धगीत तापले की आतला दाब वाढून चुकीचं दाखवतात, म्हणून वाचन थंड इंजिनावर घ्यायचं.

रेग्युलेटर दोन जातींचे. एक नुसता अडवतो. दुसरा जास्तीचं पेट्रोल परतीच्या पाइपानं टाकीत पाठवतो. पहिला स्वस्त आणि एका लाइनीचा. तरी माझं मत दुसऱ्याच्या बाजूनं आहे. परतीची लाइन असली की पेट्रोल सतत फिरत राहतं, इंजिनापाशी तापत बसत नाही, आणि पाइपात झालेली वाफ आपोआप टाकीत निघून जाते. परतीचा पाइप मात्र जाणाऱ्या पाइपाच्या तोलाचा असावा. तो बारीक निघाला तर त्याच्यातच दाब साठतो आणि रेग्युलेटरचा स्क्रू कितीही फिरवा, काटा खाली येत नाही.

आता पाइप. चेसिसच्या कडेनं जाणारी मुख्य लाइन पोलादाची किंवा निकेल-तांब्याच्या मिश्रधातूची असावी. हा मिश्रधातू हातानं वळतो, गंजत नाही. निव्वळ तांब्याची नळी मोहात पाडते, कारण ती कुठेही मिळते आणि वळवायला लोण्यासारखी. ती वापरू नये. थरथर सोसता सोसता तांबं कडक होत जातं आणि फिटिंगच्या मुळाशी चिरतं. शिवाय तांब्याच्या संगतीत पेट्रोल लवकर बिघडून त्याचा चिकटा धरतो. लाइन एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूनं न्यायची, दर फूट-दीड फुटावर रबर लावलेल्या क्लिपनं बांधायची, आणि इंजिन व चेसिस यांच्यामध्ये लवचीक तुकडा ठेवायचा, कारण इंजिन माउंटवर हलतं, चेसिस हलत नाही. अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींची संस्था एनएचआरए, गाडीच्या मूळ बांधणीत नसलेला साधा रबरी पाइप पुढून मागेपर्यंत सगळा मिळून फक्त 12 इंच चालवून घेते, तोही जोडणीपुरता.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो फिटिंगमध्ये. प्रत्येक जोडाला एकच प्रश्न विचारावा: इथे पेट्रोल नेमकं कोण अडवतंय? उत्तरं तीन. निमुळत्या आट्यांच्या जोडात आटेच अडवतात. अमेरिकी एनपीटी फिटिंग या जातीचं. तिथे पेट्रोलला टिकणारं सीलंट लागतं. फ्लेअरच्या जोडात आटे फक्त आवळायचं काम करतात, अडवतो तो धातूवर धातू बसलेला उतार. तिथे सीलंट लावलं तर फायदा शून्य. तिसऱ्या जातीत वायसर अडवतो. होलीच्या बाउलचं तोंड असंच आहे, 7/8 इंची, इंचाला 20 आट्यांचं, वायसरवर बसणारं. त्याचा ओतीव धातू मऊ. पान्याला नळी लावून आवळलं की आटे गेलेच. आपल्याकडचा सवयीचा उपाय म्हणजे दिसेल त्या आट्यावर टेफ्लॉन टेप. पेट्रोलच्या लाइनीत ही टेप म्हणजे पीडा. तिचा केसाएवढा धागा सुटून निडलखाली अडकला की निडल बसत नाही, पातळी चढते, इंजिन काळा धूर ओकायला लागतं आणि मालक कार्ब्युरेटरला शिव्या देत बसतो.

एएन म्हणजे आर्मी-नेव्ही ही फिटिंग दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या अमेरिकी लष्करी विमानांच्या मानकातून आली. आकडा नळीच्या बाहेरच्या व्यासाचा, इंचाच्या सोळाव्या भागात: सहा नंबर म्हणजे 6/16, अर्थात 3/8 इंच, आठ नंबर म्हणजे अर्धा इंच. सहा नंबरचे आटे 9/16 इंची, इंचाला 18. उताराचा कोन 37 अंश. साध्या मोटारगाड्यांच्या आणि गॅसच्या पितळी फ्लेअर फिटिंगचा कोन 45 अंश. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवली तर सराईत डोळाही फसतो. काही मापांत आटेही जुळतात, नट बसतो, आवळतोही. पण उतारावर उतार न बसता कडेवर कड टेकते आणि पंधरा दिवसांनी ओल दिसू लागते. हायड्रॉलिक होजच्या दुकानात मिळणारी जेआयसी फिटिंग मात्र 37 अंशांचीच असतात आणि रस्त्यावरच्या गाडीला चालून जातात.

भारतात हे काम करणाऱ्यानं आणखी एक सापळा ओळखून ठेवावा. आपल्या नळाच्या दुकानातलं सगळं सामान ब्रिटिश बीएसपी आट्यांचं. त्याचा आटा 55 अंशांचा, अमेरिकी एनपीटीचा 60. पाव इंचात बीएसपीला इंचाला 19 आटे, एनपीटीला 18. अर्ध्या इंचात दोघांनाही 14, म्हणून ते एकमेकांत छान फिरतात आणि जमल्यासारखं वाटतं. पाण्याच्या लाइनीत ते टेप लावून खपून जातं. पेट्रोल पाण्यापेक्षा पातळ. ते वाट काढतंच.

जाळीदार होजवर एएन फिटिंग चढवणं बघण्यासारखं असतं. कापायच्या जागी टेप घट्ट गुंडाळायची आणि टेपच्या मधोमध कटिंग व्हीलनं कापायचं, नाहीतर स्टीलच्या जाळीचे केस पिंजारतात आणि बोटांत घुसतात. आतला रबराचा भुगा हवेनं उडवायचा. होज सॉकेटमध्ये आट्यांच्या सुरुवातीपर्यंत सारायचा आणि सॉकेटच्या तोंडाशी होजवर टेपची खूण करायची. मग निपलला तेल लावून तो आत फिरवत न्यायचा, दोन भागांत मिलिमीटरभर फट उरेपर्यंत. खूण सॉकेटपासून मागे सरकलेली दिसली तर होज ढकलला गेला आहे. सगळं सोडवून पुन्हा.

रबराच्या बाबतीत काळ बदलला आहे तो इथेनॉलमुळे. साध्या रबरी पाइपावर एसएई 30आर7 छापलेलं असतं. तो कमी दाबाचा आणि कार्ब्युरेटरला दाबाच्या दृष्टीनं पुरेसा. 30आर9 च्या आत इथेनॉलला दाद न देणारं अस्तर असतं. टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडून राहणारा तुकडा 30आर10 चाच हवा, कारण बाकीच्यांचं बाहेरचं आवरण पेट्रोलमध्ये विरघळायला लागतं. अमेरिकेत दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल नेहमीचं झालं. आपल्याकडे 2023 पासून वीस टक्क्यांचं आलं आणि देशभर पसरलं, त्यात महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचा वाटा मोठा आहे. ज्यांच्याकडे प्रीमियर पद्मिनी किंवा जुनी मारुती 800 जपलेली आहे, त्यांनी इंजिन बदलायचं नसलं तरी टाकीपासूनचे रबरी पाइप बदलावेत. जुना पाइप बाहेरून धड दिसतो. दुमडून पाहिला की बारीक भेगा दिसतात, आणि आतून सुटलेली काळी पूड फिल्टरमध्ये सापडते. मिश्रणही थोडं पातळ पडतं, कारण ते सावरायला इथे संगणक नाही. जेट एखाद-दुसरा नंबर वाढवावा लागतो.

उष्णतेचं दुखणं आपल्याला परकं नाही. बोरघाटात बॉनेट उघडून पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवलेल्या पद्मिनी आणि अँबॅसॅडर ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना व्हेपर लॉक समजावून सांगायला नको. यांत्रिक पंप इंजिनावर बसलेला, म्हणजे तापलेला, आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढणारा, म्हणजे लाइनीत दाब उतरवणारा. पेट्रोलचे हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात, आणि पंपाला वाफ ढकलता येत नाही. इथेनॉल स्वतः 78 अंशांना उकळतं, तरी दहा टक्के मिसळल्यावर पेट्रोलची बाष्प होण्याची ओढ कमी न होता वाढते. टाकीजवळचा विजेचा पंप, परतीची लाइन आणि कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारा फिनॉलिकचा जाड तुकडा, एवढ्यात हा आजार आटोक्यात येतो.

आपल्याकडे हे सगळं करायचं ठरवलं तर कागद आधी. इंजिन बदलायला आरटीओची पूर्वपरवानगी लागते आणि नोंदणी पुस्तकात नवा इंजिन क्रमांक चढवून घ्यावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा हा विषय आहे, आणि विमा कंपनीला तो तुमच्याआधी आठवतो.

पाइप जोडून झाले की लगेच इंजिन सुरू करायचं नाही. बॅटरीवर नुसता पंप चालवायचा, आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवायचं आणि टाकीपासून एकेक जोड कोऱ्या कागदानं पुसत पुढे यायचं. कागदावरची ओल डोळ्याला लवकर दिसते. काट्यावर 6 पीएसआय दिसेपर्यंत रेग्युलेटर फिरवायचा. मग इंजिन सुरू करायचं आणि दाब तिथेच ठरतोय का ते पाहायचं. त्यानंतर इंजिन बंद करून बाउलच्या कुशीतला पातळीचा स्क्रू काढायचा. पेट्रोल भोकाच्या खालच्या कडेला आलेलं हवं, गाडीला जरा हलवलं की थेंब ओघळावा इतपत. वर असेल तर वरचा लॉक स्क्रू सैल करून 5/8 चा नट उजवीकडे किंचित फिरवायचा, खाली असेल तर डावीकडे, आणि दर वेळी इंजिन थोडं चालवून पुन्हा पाहायचं. दोन-चारदा इंजिन तापून निवलं की रबरावरच्या जुबली क्लिप सैल पडतात, त्या पुन्हा आवळायच्या. शंभरेक किलोमीटर झाल्यावर फिल्टर उघडायचा. टाकी जुनी असेल तर त्यात तांबूस गंज सापडतोच. तो धुऊन परत बसवण्याच्या भरीस न पडता नवा घालावा, आणि आणखी एक डिकीत ठेवावा.